बोलत नाही, बोलवत नाही, बोलेनासा झाला

"समजतं सगळं, पण बोलत नाही हो!"

हर्नडन, स्टर्लिंग, अ‍ॅशबर्न या पट्ट्यात चार मराठी घरं एकत्र आली, की मुलांविषयी हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. गणपतीच्या आरतीनंतर, कोजागिरीचं दूध आटत असताना, नाहीतर एखाद्या ग्रॅज्युएशनच्या जेवणात. ऐकणारे माना डोलावतात, दोन सुस्कारे पडतात आणि विषय सॉकरच्या प्रॅक्टिसकडे वळतो. पण मंडळी, या वाक्यातल्या 'बोलत नाही' या शब्दांपाशी जरा थांबू या. 'बोल' हा एकच धातू घेऊन आपली भाषा निदान पाच निरनिराळ्या गोष्टी सांगते :

तो मराठी बोलत नाही. (सवय नाही, किंवा गरज पडत नाही.)

त्याला मराठी बोलता येत नाही. (शिकायचं राहून गेलं.)

त्याला मराठी बोलवत नाही. (येतं, पण जीभ अडते. चारचौघांत लाज वाटते.)

तो बोलेना. (खूप विनवण्या केल्या, पण आत्ता काही तोंड उघडत नाही.)

तो बोलेनासा झाला. (पूर्वी छान बोलायचा. हळूहळू बंद झालं.)

ही पाच वेगळी मुलं आहेत आणि पाच वेगळी दुखणी आहेत. ज्याला बोलता येत नाही त्याला शिकवायला हवं. ज्याला बोलवत नाही, त्याला आणखी धडे दिले तर तो आणखी गप्प होईल. त्याला धीर हवा. जो बोलेनासा झाला, त्याचं बोलणं कधी थांबलं ते आठवून पाहायला हवं. बहुतेक घरांत ते उत्तर 'किंडरगार्टन सुरू झालं तेव्हा' असं असतं. इंग्रजीतून विचार करायची सवय लागली, की या पाचांसाठी एकच साचा हाताशी उरतो आणि आपण सगळ्यांना एकच औषध देतो : रविवारची शाळा.

शाळा हवीच. मी स्वतः रविवारी मराठी शिकवते, त्यामुळे तिच्याविरुद्ध मी बोलणार नाही. पण इतकी वर्षं मुलांचं बोलणं ऐकताना एक गोष्ट लक्षात आली आहे. आपण मुलांना नामं शिकवतो : भाज्यांची, रंगांची, नात्यांची, महिन्यांची. मराठीतला जीव मात्र बराचसा क्रियापदाच्या शेपटीत असतो. कुणी मुद्दाम केलं की चुकून झालं, स्वतःसाठी केलं की दुसऱ्यासाठी, जमत नाही की करायचं नाही, हे सगळं त्या शेपटीत. आणि ती शेपटीच आपल्या मुलांच्या बोलण्यातून आधी गळते.

'व'ची करामत

शाळेत व्याकरणाच्या तासाला 'प्रयोजक क्रियापद' आणि 'शक्य क्रियापद' हे शब्द आपण सर्वांनी घोकले आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली आलं आणि मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ही नावं पाठ केली, पाच मार्क मिळवले आणि विसरून गेले. आता मुलांना शिकवायची वेळ आली, की त्यातली गंमत कळते.

प्रयोजक म्हणजे दुसऱ्याकडून करवणं. बसणे – बसवणे, हसणे – हसवणे, शिकणे – शिकवणे. मध्ये एक 'व' आला आणि कर्ता बदलला. काही जुन्या जोड्यांत 'व'ही लागत नाही, धातूच्या आतच बदल होतो : पडणे – पाडणे, मरणे – मारणे, जळणे – जाळणे, सुटणे – सोडणे, तुटणे – तोडणे, फुटणे – फोडणे.

शेवटची जोडी मुलं फार लवकर शिकतात, कारण ती त्यांच्या कामाची असते. 'ग्लास फुटला' आणि 'ग्लास फोडला' यांत कुणाला बोलणी बसणार ते ठरतं. इंग्रजीत दोन्हींना एकच क्रियापद पुरतं. मराठीत मात्र चार वर्षांचं पोरही बरोबर 'फुटला' म्हणतं आणि धाकट्या बहिणीच्या बाबतीत तितकंच बरोबर 'हिने फोडला' म्हणतं. स्वार्थ असला की व्याकरण आपोआप येतं!

आता दुसरा 'व'. तो दिसायला हुबेहूब पहिल्यासारखाच, पण काम वेगळं. 'आई बाळाला बसवते' हे प्रयोजक. 'आजोबांना आता बसवतं' हे शक्य. ऑपरेशननंतर आता त्यांना बसणं जमू लागलं आहे. दोन्हीकडे 'बसव', पण दुसऱ्या वाक्यात आजोबांना कुणी उचलून बसवलेलं नाही. फरक कळतो तो आजोबांना लागलेल्या 'ना'वरून. काही जण अजूनही 'माझ्याच्यानं चालवत नाही' असं म्हणतात, त्यातला 'च्यानं'ही हेच सांगतो : मी ठरवून नाकारत नाही, माझ्या अंगात तेवढं बळ नाही.

'बोल'च्या बाबतीत तर तिहेरी घोळ आहे. लिहिताना आमंत्रणासाठी आपण 'बोलावणे' लिहितो, पण बोलताना बहुतेकांचा 'बोलवणे' होतो. त्यामुळे 'काकूंना हल्ली बोलवत नाही' याचा अर्थ काकू आजारी आहेत असाही होतो आणि काकूंना कुणी जेवायला बोलवत नाही असाही! संदर्भ ठाऊक असलेला माणूस क्षणात ओळखतो. ज्याला संदर्भ आणि शेपटी दोन्ही परकी आहेत, तो गोंधळतो.

आणि 'बोलेनासा'? तो उलगडून पाहिला तर चकित व्हायला होतं. बोल, मग 'ए', मग नकाराचा 'ना', मग 'सारखा' या अर्थाचा 'सा', आणि पुढे 'झाला'. 'न बोलण्यासारख्या अवस्थेत आला.' दिसेनासा, ऐकेनासा, सुचेनासं, करमेनासं हे सगळे त्याच घरचे. एवढी मोठी गोष्ट एका शब्दात मावते आणि आपल्याला त्याचं काही वाटतही नाही.

शेपट्यांचा देश

शब्दाच्या शेपटीला शेपटी जोडत जाण्याची ही युक्ती जगात कुठे टोकाला गेली आहे ते पाहायचं, तर फार लांब जायला नको. डलेसहून युरोपमार्गे मुंबईला निघालो, की समोरच्या स्क्रीनवरच्या नकाशात वरच्या अंगाला एक मोठा पांढरा प्रदेश दिसतो. ग्रीनलंड. अलीकडे राजकारणामुळे त्याचं नाव बातम्यांत बरंच असतं, पण त्याच्या भाषेविषयी कुणी फारसं बोलत नाही. त्या भाषेचं नाव कलाल्लिसुत. लोकसंख्या सुमारे सत्तावन्न हजार, म्हणजे आपल्या हर्नडनसारखी दोन-सव्वादोन गावं. भारताच्या २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांहून अधिक होते, हे शेजारी ठेवून पाहा.

या भाषेत धातू किंवा नाम सुरुवातीला येतं आणि बाकी सगळं मागून जोडत जायचं. असे जोडायचे प्रत्यय चारशेहून अधिक आहेत. 'नेरि' म्हणजे खा. 'नेरिवोक' म्हणजे तो खातो. ती खाते हेही तेच, कारण या भाषेत लिंगभेद नाही. 'नेरिवुङा' म्हणजे मी खातो किंवा खाते. 'नेरेरुसुप्पोक' म्हणजे त्याला खावंसं वाटतं. 'नेरेरुसुङ्ङिलाक' म्हणजे खावंसं वाटत नाही. बाराखडीत आपण नुसता म्हणण्यापुरता म्हणतो तो 'ङ' तिकडे रोज कामावर असतो, हे पाहून मला फार बरं वाटलं!

आणि आपलं 'खावंसं' तरी काय आहे? खा, त्याला 'वं', त्याला 'सं'. 'बोलेनासा'मधला तोच 'सा'. ग्रीनलंडची आजी नातवाला "खावंसं वाटत नाही का?" असं एका शब्दात विचारते. आपल्याला दोन-तीन शब्द लागतात, पण रचनेची रीत ओळखीची आहे.

आता ऐकण्याचा धातू घ्या : 'तुसा'. 'तुसावोक' – ऐकू येतं. 'तुसाङ्ङिलाक' – ऐकू येत नाही. 'तुसासिन्नावोक' – ऐकू शकतो. 'तुसासिन्नाङ्ङिलाक' – ऐकू शकत नाही. आणि टीनएजर घरात असणाऱ्या सर्वांसाठी खास : 'तुसाङ्ङित्सूसार्पोक' – ऐकू आलं नाही असं सोंग करतो. एका शब्दात! आपण 'ऐकून न ऐकल्यासारखं करतो' म्हणतो, तेही काही कमी नाही.

या सगळ्यांत महत्त्वाचा आहे तो क्रम. प्रत्येक प्रत्यय आपल्या आधीच्या सगळ्याला कवेत घेतो. 'ऐक' – 'नाही' – 'सोंग' या क्रमाने जोडलं तर न ऐकण्याचं सोंग. 'सोंग' आधी आणि 'नाही' नंतर आलं तर ऐकण्याचं सोंग करत नाही. तेच मणी, पण ओवण्याचा क्रम बदलला की माळ वेगळी. मायकल फोर्टेस्क्यू या भाषाशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात ग्रीनलंडमधल्या दोन वर्षांच्या मुलाचं बोलणं अभ्यासलं, तेव्हा एवढ्याशा वयात ते मूल प्रत्यय जोडू लागलेलं आढळलं. म्हणजे मुलांना हे अवघड जात नाही. मोठ्यांकडून सतत कानावर पडलं पाहिजे, एवढीच अट.

कानावर पडणं हीच तिथेही अडचण होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळा आणि कचेऱ्यांत डॅनिश भाषेचा जोर वाढला. पुढे १९७९ साली ग्रीनलंडला अंतर्गत स्वराज्य मिळालं तेव्हा कलाल्लिसुत ही मुख्य भाषा ठरली आणि २१ जून २००९ पासून ती एकमेव अधिकृत भाषा आहे. तिचं मोठं व्याकरण सॅम्युएल क्लाइनश्मिट यांनी लिहिलं आणि ते १८५१ साली छापलं गेलं, आपल्या दादोबांच्या पुस्तकानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी.

आमच्याकडेही क्रम असतो

मराठीत इतके प्रत्यय एका शब्दात कोंबले जात नाहीत. आपण अर्धं काम प्रत्ययांना देतो आणि अर्धं दुसऱ्या क्रियापदांना. पण क्रमाचा नियम इथेही चालतो. 'करून बघ' म्हणजे प्रयत्न कर. 'बघून कर' म्हणजे नीट लक्ष देऊन कर. 'जाऊ दे' म्हणजे सोडून दे. 'देऊन जा' म्हणजे जाताना दे. 'बसून खा' हे आजीचं वळण लावणं. 'खात बस' हा आईचा टोमणा.

आणि जोडत गेलं तर माळ लांबतेही. कर. करव. करवून घे. करवून घेता येईल. करवून घेता येईनासं झालं. या शेवटच्या वाक्यात दुसऱ्याकडून करवणं आहे, त्याचा फायदा आपल्याला होणं आहे, जमणं आहे, नकार आहे आणि पूर्वी जमत होतं हेही आहे. पुण्यातल्या फ्लॅटची दुरुस्ती इथून फोनवर करवून घेणाऱ्या प्रत्येकाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

फराळाचं व्याकरण

ही दुसरी क्रियापदं कशी काम करतात हे पाहायला दिवाळीच्या चार दिवसांसारखी शाळा नाही. समोर चकलीचा डबा आहे असं समजा.

"खाऊन बघ." पहिल्यांदाच एअर फ्रायरमध्ये केली आहे, कशी झाली सांग.

"खाऊन घे." अजून पूजा व्हायची आहे, मग वेळ मिळणार नाही, पोटात काहीतरी असू दे.

"खाऊन टाक." दोनच उरल्या आहेत, डबा धुवायचा आहे.

"खाऊन जा." दारात उभ्या पाहुण्यांना.

"खाऊ दे त्याला." आजीचा आईला अडसर.

"खात बसलाय!" बाकीचे आकाशकंदील लावतायत आणि हा इथे.

"खाऊन बसला!" नैवेद्याची करंजी होती ती.

'घे'मध्ये काही उचलायचं नाही, 'टाक'मध्ये काही फेकायचं नाही आणि 'बसला' तो उभाही असू शकतो. ही क्रियापदं आपला मूळ अर्थ दाराबाहेर ठेवून आत येतात आणि बोलणाऱ्याचं मन सांगतात. 'घे' म्हणजे तुझ्या भल्यासाठी. 'टाक' म्हणजे एकदाचं संपव. 'ठेव' म्हणजे पुढच्या सोयीसाठी : पीठ मळून ठेव. 'दे' म्हणजे दुसऱ्यासाठी : तिला डबा उघडून दे. 'बसणे' म्हणजे करायला नको होतं ते झालं : बोलून बसलो. 'सोडणे' म्हणजे चांगलाच : झोडपून सोडलं पावसाने.

ही रीत एकट्या मराठीची नाही. हिंदीतलं 'खा लो' आपल्या 'खाऊन घे'चा सख्खा भाऊ आहे, आणि कन्नड, तेलुगू, तमीळ या वेगळ्या कुळातल्या भाषांतही अशी जोडक्रियापदं आहेत. शिकागो विद्यापीठातले कॉलिन मासिका यांनी १९७६ साली एका पुस्तकात दाखवलं, की जोडक्रियापदं, प्रयोजक क्रियापदं आणि 'मला भूक लागली' यासारखी 'मला'ची वाक्यं भारतीय उपखंडात कुळांच्या भिंती ओलांडून पसरली आहेत. म्हणून तर शेजारचे तेलुगू काका आपल्या मुलांना काय म्हणतात, ते भाषा न कळताही आपल्याला कळल्यासारखं वाटतं.

दिवाळीच्या पहाटेचा खास शब्द मात्र राहिलाच : न्हाऊ घालणं. जेवू घालणं, खाऊ घालणं, न्हाऊ घालणं. 'आंघोळ करवणे' असा सरळ प्रयोजक करता आला असता, पण उटणं लावून, तेल चोळून, पाठीवर ऊन पाणी ओतण्याला भाषेने 'घाल' दिलं. इथल्या बाथटबच्या कडेवर बसूनही आपण मुलांना न्हाऊच घालतो, 'बाथ देत' नाही.

काय गळतं आणि काय टिकतं

आता आपल्या घरातली वाक्यं ऐकू या. 'तो फॉर्म सबमिट करून टाक.' 'आधी होमवर्क फिनिश करून घे.' 'जरा गूगल करून बघ.' नाकं मुरडणारे म्हणतील, यात मराठी ती काय राहिली? मी म्हणेन, भरपूर राहिली. नाम इंग्रजी, पण 'टाक', 'घे', 'बघ' जागेवर आहेत. कंटाळवाणं काम एकदाचं संपवायचं आहे, हे 'टाक' सांगतंय. इंग्रजी शब्द आले म्हणून भाषा बुडत नाही. मराठीने फारसी पचवली, पोर्तुगीज पचवली. बटाटा आणि मेज आता कुणाला परके वाटतात?

काळजी वाटते ती दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांची. शब्द सगळे मराठी, पण शेपटी नाही. मुलं म्हणतात, "मी हे खाऊ शकत नाही." कशाला? पोट भरलं आहे म्हणून, की दाण्यांची अ‍ॅलर्जी आहे म्हणून, की आवडत नाही म्हणून, की आज उपास आहे म्हणून? मराठीत यासाठी चार वेगळी दारं आहेत : आता खाववत नाही, मला चालत नाही, मला खायचं नाही, आज खायचं नसतं. मुलं या चारांवर इंग्रजीतली एकच किल्ली फिरवतात. व्याकरण बरोबर, वाक्य शुद्ध, पण मूल काय म्हणतंय ते कळत नाही.

याची उलट बाजू जास्त लागते. मुलांना आपलं बोलणं अर्धवट पोहोचतं. तिकडून व्हिडिओ कॉलवर आजी म्हणते, "आता मला तिकडे येववत नाही रे." नातू त्यातलं 'ये' ऐकतो आणि 'नाही' ऐकतो. त्याच्या डोक्यात वाक्य तयार होतं : आजी येत नाही. थोड्या दिवसांनी त्याचं होतं : आजीला यायचं नाही. मधला एवढासा 'व' पडला आणि वीस-बावीस तासांच्या प्रवासापुढे हरलेले गुडघे नाहीसे झाले. उरला नुसता नकार. 'येत नाही' आणि 'येववत नाही' यांच्यात आजीचं सगळं म्हातारपण आहे, आणि ते नातवापर्यंत पोहोचलंच नाही.

अशी वाक्यं आपल्या फोनवर रोज असतात. "राहवलं नाही, म्हणून फोन केला." "त्यांची अवस्था बघवत नाही." "जिना चढवत नाही." "तुम्ही गेल्यापासून करमेनासं झालंय." यात एकही अवघड नाम नाही, शब्दकोशात शोधावा असा शब्द नाही. चढ, बघ, राहा हे तर मुलांना पहिल्या वर्षी शिकवलेले धातू. तरी अर्थ हुकतो, कारण माया, थकवा आणि असहायता हे सगळं धातूच्या मागच्या एका अक्षरात आहे.

नात्यांतले गैरसमज केवळ व्याकरणाने होतात असं मी म्हणत नाही. पण दोन पिढ्यांमध्ये आधीच सात समुद्र आहेत. त्यात हा 'व' हरवला तर भर पडते. मराठीतच क्रियाविशेषणाला प्रत्यय जोडून केलेलं एक क्रियापद आहे : 'दूर'पासून 'दुरावणे'. दूर असणं आपण निवडलं, ते मोजून मैलांत सांगता येतं. दुरावणं मात्र आपण निवडलेलं नाही.

मग करायचं काय?

हर्नडनच्या शाळांत आपली मुलं स्पॅनिश शिकतात. वर्गातल्या कितीतरी मुलांची ती घरची भाषा आहे, त्यामुळे ती कानावरही पडते. स्पॅनिशमध्ये बोलण्याचा धातू घेऊन मुलं 'आब्लो, आब्लास, आब्ला' असा तक्ता घडाघडा म्हणतात, 'बोलला' आणि 'बोलायचा' यांतला फरक परीक्षेत बरोबर लिहितात. म्हणजे क्रियापदाची शेपटी ओळखायची तालीम त्यांना आहे. मराठीचा तसा तक्ता त्यांच्या हातात आपणच दिलेला नाही. तो द्यायला फार काही लागत नाही. वर्गात आणि घरात चालतील अशा चार गोष्टी सांगते.

पहिली : चूक काढू नका, शेपटी जोडून परत म्हणा. मूल म्हणालं, "मी होमवर्क फिनिश केला," तर "करून टाकलास? छान!" म्हणा. ते म्हणालं, "मी चालू शकत नाही," तर "चालवत नाही का? पाय दुखतो?" असं विचारा. बाळ बोलायला शिकतं ते असंच, ऐकत ऐकत.

दुसरी : चिठ्ठ्यांचा खेळ. एका वाडग्यात धातूंच्या चिठ्ठ्या : खा, कर, बोल, लिही, झोप, हस, विसर. दुसऱ्यात शेपट्या : घे, टाक, बघ, ठेव, दे, बस, जा, लाग, राहा. दोन्हींतून एकेक उचलायची आणि वाक्य करायचं, पण एक अट : हे कोण कुणाला आणि केव्हा म्हणेल ते सांगायचं. 'विसरून जा' कोण म्हणेल? 'विसरून बसलो' कोण? 'झोपून घे' कुणाला? 'हसून घे' म्हणजे धमकी का वाटते? आमच्या वर्गात या प्रश्नावर मुलं भांडतात, आणि भांडण मराठीत चालतं. काही जोड्या जमतच नाहीत. त्या का जमत नाहीत हा तर मोठ्यांसाठीही चांगला प्रश्न आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पत्त्यांच्या आधी एक डाव खेळून बघा.

तिसरी : फोनवर मुलांना आजी-आजोबांसाठी 'व'चं एक वाक्य द्या. "आजी, आज किती चालवलं?" "आजोबा, आता वाचवतं का?" तिकडे आनंद होतोच, पण उत्तरही त्याच साच्यात येतं, आणि ते मुलाच्या कानात बसतं.

चौथी, आणि सगळ्यांत महत्त्वाची : आपलं मूल पाचांपैकी कोणतं, ते आधी ठरवा. बोलता येत नसेल तर शाळा आहेच. बोलवत नसेल तर चारचौघांत "काकांना मराठीत सांग बघू" ही परीक्षा बंद करा. गाडीत शेजारी बसलेलं असताना, नजरेला नजर नसताना, जीभ आपोआप सुटते. नुसतं बोलत नसेल तर घरात गरज निर्माण करा, एखादं काम असं ठेवा की ते मराठीतूनच होईल. बोलेना, तर आज सोडून द्या, उद्या बोलेल. आणि बोलेनासं झालं असेल, तर जिथे थांबलं तिथून उचला : ज्या वयात भाषा सुटली, त्या वयाचे खेळ, त्या वयाच्या गोष्टी, तीच लाडाची हाक. पंधरा वर्षांच्या मुलालाही 'भरवू का?' विचारलं की हसू येतं, आणि हसताना माणूस मराठीत उत्तर देऊन बसतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा इथेही पेढे वाटले गेले. भाषेचं जुनेपण सरकारने मान्य केलं, आनंदच आहे. पण ती उद्या हर्नडनमध्ये कुणाच्या तोंडी असेल, ते जेवणाच्या टेबलावर ठरणार आहे. 'खा' आणि 'खाऊन घे' यांतला फरक कानावर पडतो की नाही, यावर ठरणार आहे.

'बोल'ची एक जोडणी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. बोलणे, बोलवणे, बोलावणे झालं. आपल्याकडे 'बोलतं करणे' असंही आहे. समोरच्याला धाकाने बोलायला लावायचं नाही, त्याच्या वतीने आपण बोलायचं नाही. त्याला बोलावंसं वाटेल असं काहीतरी करायचं. या दिवाळीत फराळाचं ताट पुढे करताना, मुलांना जरा बोलतं करू या.